खारीची शेपटी

३१ जानेवारी, शुक्रवार
आमच्या मांजरीने, खारीने, बोचकारलं! मनगटावर तीन ओरखडे. खारी शेपटी हलवत होती, खूश आहे समजून कुरवाळायला गेलो. वरच्या मजल्यावरची देवश्री — तिच्याकडे तीन मांजरं — हसत सुटली. "काका, ती काय कुत्रा आहे? शेपटी आपटते म्हणजे चिडलीय. लांब राहा ने." आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्रेच. मला काय ठाऊक.

१ फेब्रुवारी, शनिवार
देवश्रीकडून शिकवणी घेतली. शेपटी फुगली की घाबरली. ताठ उभी, टोक जरा वाकडं — ओळखीच्या माणसाला पाहून आनंद. हा मान फक्त मोहनाला. खारीला आणून दोन वर्षं झाली, माझ्यासाठी एकदाही नाही. परकं कोणी आलं तर थेट कपाटाखाली. बायको भाग्यवान!

३ फेब्रुवारी, सोमवार
मोहना म्हणाली, "सलील रविवारी येऊ म्हणतोय. पाच मिनिटं बसेल."
पोराला घर सोडून तीन वर्षं झाली. मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी शब्द टाकून लावलेली नोकरी सोडली आणि फोटो काढायला निघाला. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, मीच म्हटलं होतं. त्याने खरंच टाकलं नाही. माझ्यासारखाच हट्टी.
म्हटलं, पाच मिनिटंच.

८ फेब्रुवारी, शनिवार
काय बोलू त्याच्याशी?
मोहनाला म्हटलं, खारीला आत कोंड, बोचकारेल त्याला. "नाही हो बोचकारणार." इतकी खात्री?

९ फेब्रुवारी, रविवार
आला. वाळलाय. दारात चपला काढत होता. खारी पळाली — कपाटाखाली नाही, त्याच्याकडे! शेपटी ताठ, टोक वाकडं. त्याच्या पायांत घोटाळू लागली. त्याने वाकून तिच्या हनुवटीखाली खाजवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.
मांजर दोन वर्षांपूर्वी आली. हा तीन वर्षांपूर्वी गेला.
मी पेपर वर धरला. चहा तसाच राहिला.

१० फेब्रुवारी, सोमवार
विचारलंच. मोहनाने मान वर केली नाही. "दर गुरुवारी येतो. तुम्ही कारखान्यात असता तेव्हा. जेवून जातो."
गुरुवारी आमच्याकडे सुरळीच्या वड्या असतात. संध्याकाळी आलो की मी चवीने खातो. मला वाटायचं, माझ्यासाठी करते.
संताप आला. ताट सारून उठलो. पण ओरडू कोणावर? बायको, पोरगा, एक मांजर — तिघं माझी वेळ चुकवून या घरात सुखाने जेवत होती. लाज वाटली. फार लाज वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उद्याची रजा टाकली. अर्जावर कारण लिहावं लागतं. लिहिलं — मुलगा दर गुरुवारी जेवायला येतो.