शून्य मुलं पुढे या

सोमवार, ७ सप्टेंबर
हेडबाई पुन्हा दारात! म्हणे, "हा पहिलीचा वर्ग आहे की बाजार?" पोरं जोड्या लावत होती, गोंधळ होणारच. सात जण पुढे बोलवायचे, हात धरून जोड्या करायच्या. एक उरला, म्हणजे सात विषम. सहा बोलावले, कुणीच उरलं नाही — सम. यात न कळण्यासारखं काय आहे? हेडबाईंचं म्हणणं, फळ्यावर नियम लिहा: शेवटी ०, २, ४, ६, ८ आलं की सम. घोकून घ्या आणि मोकळ्या व्हा.
नाही होणार मी मोकळी. मला पोपट नको आहेत.

बुधवार, ९ सप्टेंबर
फजिती! परवा जोडीतून उरलेल्या पोराने घरी जाऊन सांगितलं, "आई, मी विषम आहे!" आई सकाळीच फाटकाशी हजर. "माझ्या मुलाला काय वाट्टेल ते बोलता?" समजावता समजावता नाकी नऊ आले. मग वर्गात सगळ्यांना सांगितलं, मूल विषम नसतं रे बाबांनो, संख्या विषम असते. तर तो हिरमुसला. त्याला विषमच राहायचं होतं!

शुक्रवार, ११ सप्टेंबर
खारूताईचा विषय निघालाच. पेन्सिलींचे तुकडे दप्तराच्या तळाशी साठवते म्हणून मीच ठेवलेलं नाव. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात चकार शब्द नाही. घरी म्हणे नुसती बडबड. हेडबाई म्हणाल्या, "एकवीस तारखेला तोंडी मी स्वतः घेणार. बोलली नाही तर परत बालवर्गात."
सहा वर्षांची पोर! बरोबरीच्या मुलांतून उठवून खाली बसवलं तर कायमची मिटून जाईल. मी म्हटलं, मला हे मान्य नाही. त्यांनी चष्मा पुसला.

रविवार, १३ सप्टेंबर
सासूबाई: "अगं, नोकरी नवीन आहे. जरा जिभेला आवर घाल." नवीन आहे म्हणून काय मूग गिळून बसू?

गुरुवार, १७ सप्टेंबर
बोलली!!
गंमत म्हणून म्हटलं, "आता शून्य मुलं पुढे या." सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. कुणी हलेना. मग एकच हशा. "बोला, सम की विषम?" कुणी म्हणे काहीच नाही, कुणी म्हणे दोन्ही. आणि मागच्या बाकावरून बारीकसा आवाज — "सम. कुणी एकटं उरलंच नाही ना."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांना दिसू नये म्हणून खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

सोमवार, २१ सप्टेंबर
तोंडी झाली. आठ? "सम." अकरा? "विषम." आवाज लहान, पण आला! मग शून्य.
"सम."
"चूक," हेडबाई म्हणाल्या. "शून्य म्हणजे काहीच नाही. ना सम, ना विषम."
खारूताईने ओठ मिटले. पुढच्या प्रश्नांना हूं नाही की चूं नाही. हेडबाईंनी पेनचं टोपण काढलं.
मी मध्ये पडले. "बाई, तिचं बरोबर आहे. तुमच्याच नियमात शून्य सगळ्यात आधी आहे!"
"मला शिकवताय?"
"हो. चुकलं तर शिकवायलाच हवं."
मग खाली वाकून पोरीला म्हटलं, बाळा, तू बरोबर, हेडबाईंचं चुकलं. त्यांच्या तोंडावर! शिपाईमामा दारात घंटेचा हातोडा घेऊन उभे, वाजवायचंच विसरले. "उद्या-परवा निकाल कळवते," एवढं बोलून हेडबाई गेल्या.
घरी सगळं सांगितलं. वाटलं, सासूबाई फाडून खातील. त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं, "पोर रडली नाही ना?"

बुधवार, २३ सप्टेंबर
निकाल लागला. बालवर्गात पाठवलं — तिला नाही, मला. मधल्या सुट्टीत खारूताई धावत आली, मला त्या एवढ्याशा खुर्चीत बघून साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाई! तुम्ही नापास झालात?"
"हो गं," म्हटलं. "झाले एकदाची!"