परसातली कच्ची माती

६ जानेवारी, मंगळवार

वाचनालयातलं आरोग्याचं मासिक वाचत होते. टॉक्सोप्लाझ्मोसिस. चार वेळा अक्षरं जुळवली तेव्हा कुठं नाव तोंडात बसलं. मांजराच्या विष्ठेतून मातीत, मातीतून बाईच्या पोटात. बाई गरोदर असली तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका.

शितलला सहावा महिना. दौंडहून माहेरी आली तेव्हापासून लेकीला मातीचे डोहाळे. आधी तव्यावर भाजून द्यायचे. "भाजू नको गं आई, वास जातो" — म्हणून परसातल्या वाफ्यातली ओली, कच्चीच दिली. रोज चिमूटभर. माझ्या हातानं! आणि त्याच वाफ्यात मांजर उकरतं.

७ जानेवारी

शितलला काही बोलले नाही. माती संपली म्हणाले.

"संपली? परसच संपला का काय?" म्हणून हसली.

९ जानेवारी

शेजारच्या साळूबाईला सांगून पाहिलं. "मांजरानं पोर बिघडतं व्हय? मग आपल्या आळीत एक पोर धड निपजलं नसतं! डोहाळं पुरवलं न्हाईत तर पोराचं कान फुटत्यात, ते बघ आधी."

हे असते तर एवढंच म्हणाले असते — वाचलंस ना, मग जा, विचारून ये. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी अक्षरं शिकले, तेव्हा त्यांनी घरात कुणाला हसू दिलं नाही. ते जाऊन चार वर्षं झाली. भाताला अजून दोघांचंच माप घेते.

१३ जानेवारी, मंगळवार

दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. राजश्री सिस्टरना विचारलं. "रक्त, साखर, बीपी, सगळं झालंय काकू. मांजराचा कसला आजार? चावलं का मांजर?" रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या.

मासिक पुढं केलं. वाचता वाचता सिस्टरांचं हसू गेलं. "शिकताना एक ओळ होती बहुतेक. परीक्षेला कधी आली नाही." मग हळूच, "नुसत्या मातीनंच होतं?"

कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली भाजी — मी बोट ठेवून दाखवलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी शितलचं रक्त घेतलं. पुण्याला जाणार. आठवडा तरी लागेल.

शितल शेजारीच बसलेली. तिला सगळं तिथंच कळलं. रिक्षात तोंड फिरवून बसली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिनं तिळगूळ घेतला. बोलली नाही.

१७ जानेवारी

तीन दिवस ती जेवढ्यास तेवढं बोलते. ताट वाढलं की म्हणते, "भाजी धुतलीस?" मी म्हणते, तीनदा. हात साबणानं घासून घासून कातडं सोललंय. वाचलं नसतं तर बरं, असंही एकदा मनात आलं. लाज वाटली.

१९ जानेवारी

शितल फोनवर जावयांना सांगत होती, "आईला नका बोलू. तिनं दिली न्हाई, मीच मागून घेतली." दाराआड ऐकलं. तशीच परसात गेले आणि पोटभर रडले.

२२ जानेवारी

दवाखान्यातून फोन. बाधा झालेली आहे, पण जुनी — दिवस जायच्या कितीतरी आधीची. डॉक्टर म्हणाले, जुनी असली की बाळाला भीती नाही. शितल गळ्यात पडली. म्हणाली, "भूक लागली आई!" कितीतरी दिवसांनी आम्ही एका ताटात जेवलो.

२३ जानेवारी

राजश्री सिस्टर घरी आल्या. चहा निवला तरी उठेनात. मग पर्समधून एक रिपोर्ट काढला. वर नाव त्यांचंच. "त्या दिवशी माझंपण रक्त पाठवलं. तिसरा महिना आहे काकू. घरी अजून सांगितलं नाही." बाधा ताजी दिसते. उद्या पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. माझा हात धरून म्हणाल्या, "याल का माझ्यासंगं?"