डावीकडची तिसरी खिडकी

आदरणीय धोंडीबामामा,

धम्मपालचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मामींचं साखरेचं औषध चालू आहे ना? (गोळी घेतली म्हणतात आणि जिलेबी खातात, हे मला ठाऊक आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल. फक्त तुमची जागा गेली. कंपनीच्या बसमधली डावीकडची तिसरी खिडकी, जिथं तुम्ही बावीस वर्षं पिंपरी ते निघोजे झोपत गेलात आणि रिटायर होताना सगळ्यांसमक्ष मला बसवून उतरलात, तीच. आधी पाणी प्या, मग पुढचं वाचा.

झालं असं, की क्वालिटीत नेहा नावाची नवी मुलगी लागली आणि पहिल्याच दिवशी तिथं बसली. ही आमच्या मामांची जागा आहे म्हणालो, तर म्हणते, "कुठं लिहिलंय?" ड्रायव्हर नवनाथने गाणं बारीक केलं. आता मी मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. करतोय हे तुम्हाला माहीतच आहे, आणि सध्या 'संस्था' हेच प्रकरण चालू आहे. (संस्था म्हणजे इमारत किंवा पाटी नव्हे, माणसं बदलली तरी टिकतो तो नियम. दहा मार्कांना येतं.) मला चेव चढला. म्हटलं, लिहिलं नाही ना, मग लिहू. बसची घटना समिती स्थापन झाली. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये चार बैठका झाल्या. त्या जॅमचा एवढा सदुपयोग आजवर कुणी केला नसेल. ठरलं असं, की जागा चिठ्ठ्या टाकून मिळणार, दर सोमवारी प्रत्येकजण एकेक जागा पुढं सरकणार, आणि कुणीही आपली जागा नात्यातल्या माणसाला द्यायची नाही. हे शेवटचं कलम मीच घातलं, लोकांनी निःस्वार्थी म्हणावं म्हणून. टाळ्या पडल्या, मामा. मग चिठ्ठी उघडली, तर मला इंजिनाच्या झाकणावरची जागा. खिडकी एक्केचाळीस आठवड्यांनी.

दुसऱ्या दिवशी गुपचूप आपल्या खिडकीत जाऊन बसलो. वाटलं, नेहाच उठवील. तुमचे जयसिंगकाका आले, जे मॅनेजरसाठीसुद्धा कधी पाय आखडत नाहीत, आणि म्हणाले, "ऊठ राव धम्मपाल. तूच लिहिलंयस." उठलो. खाली तापलेलं इंजिन, वर मी, आणि खरं सांगतो, इतका आनंद झाला की हसू आवरेना. पाठ करून जे डोक्यात शिरत नव्हतं, ते बुडाला चटका बसल्यावर शिरलं. लिहिणाऱ्यालाच उठवतो तो नियम खरा. तुमच्या खिडकीत बसून ती बस कधी एवढी आपली वाटली नव्हती.

मामींना जय भीम सांगा.

तुमचा भाचा,
धम्मपाल

ता.क. कलम सात : निवृत्त सभासद बसमध्ये आल्यास हवी ती जागा त्यांची, आणि उतरताना ती ते कुणालाही देऊ शकतात. तर येत्या सोमवारी लातूरहून याच. फार नाही, नाशिक फाट्यापर्यंत बसा आणि मला बसवून उतरा. येताना मामींची शेंगदाण्याची चटणी आणा.

ता.क. २ : नात्याचं ते कलम तुम्हालाही लागू आहे, हे आत्ता लक्षात आलं. तेव्हा येण्याआधी एक पत्र पाठवा, की धम्मपालशी आमचा काही संबंध उरलेला नाही. जरा रागातच लिहा आणि खाली सही करा. नेहा विचारणारच, कुठं लिहिलंय.