चारकोपची खिडकी

९ फेब्रु. ८६
चारकोपला जाऊन आलो. सोसायटीची बिल्डिंग अजून दुसऱ्याच मजल्यावर. सेक्रेटरी मी, म्हणून शिव्या मलाच. आज भिकूकाकांना मोरी मोठी हवी. सगळे मेंबर एका गावचे, एका वाडीतले. नाही म्हटलं की, "मोठो सायब झालंस रे!" म्हणून हो म्हटलं. म्हणजे परत भिंत फोडा, परत नकाशा पास करा. वाट लागली नुसती.

३ मार्च
डॉक्टर वाकोल्याला घरी येऊन आईला बघून गेले. दाराबाहेर म्हणाले, जे करायचं ते लवकर करा. आत आलो तर आईचं तेच, "आपल्या घरात कधी जावचा रे?" गणपतीला, म्हणालो. कुणाच्या भरवशावर म्हणालो?

१६ मार्च
मीटिंग. मध्ये नारळ ठेवला, गावात देवळात ठेवतात तसा. प्रत्येकाने हात लावून शब्द दिला, आता एक वीट इकडची तिकडे नाही. मीही लावला. भिकूकाकांना देवघराला कोनाडा हवा होता, नाही म्हटलं. नारळाला हात लावला त्यांनी, पण चहा न घेता उठले. ही म्हणते, "बरं झालं, एकदाचं तोंड उघडलंत." मला कसंतरीच झालं. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून जत्रेला जायचो.

१९ एप्रिल
काम झकास चाललंय. आमच्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या, खिडकीची चौकट बसली. कधी नव्हे तो आनंदात घरी आलो, आईला सगळं सांगितलं. तर म्हणाली, "खिडकी वायच खाली घेवक सांग मिस्त्रीक. पडल्यापडल्या माका भायला दिसाक व्हया."
जन्मात काही मागितलं नाही बाईने. मागितलं ते आत्ता.

२० एप्रिल
मिस्त्री म्हणाला, उद्या प्लास्टर चढणार, काय ते सकाळी सांगा.
ही म्हणते, "घ्या खाली. कुणाला कळतंय?" अगं, रस्त्यावरून दिसेल! भिकूकाका पहिले येतील, मग सगळे. परत फोडाफोडी. गणपती गेलेच मग. आणि आई तोवर...
खिडकी तशीच ठेवली आणि ती पोचली, तर काय बघेल? भिंत. जीव तुटतो नुसता.
जेवताना आईने विचारलंन, "सांगितलंस मिस्त्रीक?"
"हो गं."
"बरा झाला." चार घास जास्त जेवली.
सकाळी मिस्त्री विचारणार.