चंपीची डावी शीर

नागपूर

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. जनावरांच्या दवाखान्यात दिवसभर कुत्र्यांच्या मेंदूतल्या शिरांची स्कॅन बघून डोळे मात्र शिणतात.

मागच्या आठवड्यात मी चुकले. चंपी नावाच्या कुत्रीला फिट येतात. स्कॅनमध्ये तिची डावी शीर दिसेना. ती बंद पडली आहे, असं मी तिच्या म्हाताऱ्या मालकांना सांगितलं. त्यांनी इंजेक्शन देऊन तिला कायमचं निजवायचं ठरवलं.

मग जेवायला डबा उघडला आणि तुम्ही आठवलात. म्हशीची कास सुजली की म्हणायचात, "एवढ्यावर बोलू नको गं, शेजारची धड म्हैस पन चाचप." मी उठले, धडधाकट कुत्र्यांची जुनी स्कॅन काढली. त्यातल्या तिघांची एक शीर अशीच बारीक, जन्मापासूनची; म्हणजे चंपीचीही बंद पडलेली नव्हती. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनीही ते मान्य केलं.

मी धावत जाऊन चंपीच्या मालक आजोबांना माझी चूक सांगितली. ते रागावले नाहीत. "मंग घरी नेऊ का तिले?" एवढंच विचारलं. आता गोळ्या सुरू आहेत.

खालापूरला लावणी आटोपली का? तुमचा गुडघा?

हल्ली प्रत्येक स्कॅन दोनदा बघते, म्हणून खोलीवर यायला उशीर होतो. आईला मात्र काम वाढलंय एवढंच सांगा.

तुमची,
हर्षला