काळी गाडी हिरवी केली

परळ, शनिवार, एप्रिल १९५६

गाडी आज रंगून आली. तीन आठवडे लागले, तीनशे रुपये गेले. माझगावचे युसुफमिस्त्री म्हणत होते, "डॉक्टरीणबाई, काळा रंग अजून चांगला आहे, नुसतं पॉलिश करून देतो." मी हिरव्यासाठी हटून बसले. बिचाऱ्यांनी जुना रंग पत्र्यापर्यंत घासून काढला, वर पाच हात दिले. काळा रंग उन्हात तापतो, असं त्यांना सांगितलं. खोटं.

इथे तरी खरं लिहावं. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला, त्या दिवशी डिलाईल रोडवर एका बाईने माझ्या गाडीला हात केला होता. तिचा नवरा फुटपाथवर पडला होता, मांडीतून रक्त वाहत होतं. मी काच वर केली आणि निघून आले. घाबरले होते. पण मी डॉक्टर ना? काच वर करताना तिचा हात दिसत होता.

आज तीच बाई नवऱ्याला कुबडीवर घेऊन दवाखान्यात आली. तिने मला ओळखलं नाही. मी जखम पुसून पट्टी बांधत होते आणि ती सांगत होती, "एक काळी गाडी थांबली नाय हो बाई. शेवटी हातगाडीवरनं नेला यांना."

"ती गाडी माझी होती," मी म्हणाले.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. "तुमची तर हिरवी हाय."

"मीच रंगवून घेतली."

तिने नवऱ्याला काखेत हात घालून उठवलं. पट्टी अर्धीच बांधली होती. तिचं सुटं टोक जिन्यावरून फरफटत गेलं.