आणि त्याची आई?

मम्मी,

मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या शाळेकडून ईमेल आला. इंग्लंडमधली ती कॅथीड्रलची शाळा, जिथे तू मला दहाव्या वर्षी धाडलंस. शाळेच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांमध्ये आता माझंही नाव लावायचं म्हणतात. मी गायकवृंद चालवते, चार देशांत गाऊन आले, एवढं त्यांना पुरेसं वाटलं असावं. जन्म कुठला, शिक्षण काय, काम काय, हे थोडक्यात लिहून पाठवा म्हणाले. मी जन्म लिहिला, काम लिहिलं, आणि तुझ्यापाशी येऊन अडले. त्यात तुला ठेवायला जागाच नाही. पुढे काय झालं, ते म्हटलं तुलाच लिहावं.

दुबईच्या करामातलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. दोन कुटुंबांत एक फ्लॅट, एक शेगडी, आणि खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचे एसी तोंडावर गरम हवा फेकणार. शेजारच्या खोलीतलं जोडपं शाकाहारी होतं, त्यांची तुला भीड. म्हणून बांगडे तळायला घेतलेस की आधी दार लावून घ्यायचीस. दार लागलं की आपल्याला गायला मोकळीक. तू वसईच्या चर्चमधलं गाणं धरायचीस, मी ते वर चढवायची, आणि तू उलथनं हातात घेऊन ऐकत राहायचीस. एकदा त्या नादात अख्खा तवा करपला. डॅडी जहाजावर. भिंतीवरच्या नकाशात निळ्या भागावर बोट ठेवून तू सांगायचीस, "आज इथे असतील." ते तिथे नसायचेच, पण आपलं जेवण त्यानंतरच सुरू व्हायचं.

दुबईत आपला रविवार शुक्रवारी यायचा. सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली रविवारची मिस्सासुद्धा शुक्रवारीच. तिथल्या गायकवृंदातल्या इंग्रज बाईंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं की अमुक एक जुनी शाळा आता मुलींनाही गायला घेते, फीचा भार बराचसा तेच उचलतात, हिचा आवाज टेप करून पाठवा. टेप गेली, बोलावणं आलं, परीक्षा झाली. मावशी म्हणाली, "ते कुठे आपले कॅथलिक! पोर हातची जाईल." तू भांडी घासता घासता म्हणालीस, "देव काय इमिग्रेशनला बसलाय पासपोर्ट बघायला?" मग तू ट्रंक भरायला घेतलीस. वसईहून आलेली सुकेळी, ती सुकवलेली केळी, तू कामाला होतीस त्या हॉटेलच्या जुन्या नॅपकिनमध्ये बांधून कपड्यांच्या तळाशी ठेवलीस. कुणी विचारलं तर औषध म्हणून सांग, असंही बजावलंस.

आणि मग तो फोन. शाळेचा फोन जेवणघराच्या वाटेवर, भिंतीला टांगलेला. रविवारी सकाळची प्रार्थना संपली की आम्हाला घरी बोलता यायचं. इकडे माझा रविवार, तिकडे तुझा कामाचा दिवस, दुपारची शिफ्ट. त्यामुळे मी घरी नाही, हॉटेलातच फोन लावायची. तू तिथली टेलिफोन ऑपरेटर. पलीकडून तुझा हॉटेलचा आवाज यायचा, गुळगुळीत, इस्त्री केलेला: "गुड आफ्टरनून, हाउ मे आय हेल्प यू?" पहिल्या महिन्यात त्या आवाजाला मी नुसती रडले. मला म्हणायचं होतं, मला घेऊन जा. तू म्हणालीस, "प्लीज होल्ड, मॅडम," आणि ती होल्डवरची टेप सुरू झाली. टेप जरा बेसूर होती, ते मला रडतानाही कळत होतं. तू तीन लाइनी निपटून परत आलीस आणि दबक्या आवाजात म्हणालीस, "रड बाय, पण नाक पुसून रड. गाणाऱ्यांना वाहतं नाक परवडत नाही." मागून तुमच्या लेबनीज सुपरवायझरचा घाई करणारा आवाज आला, "यल्ला, लाइन क्लिअर करो!" तू त्याला "वन मिनिट, सर" म्हणालीस आणि मला विचारलंस, "मान वर कर. समोर काय दिसतंय?"

समोर एक लाकडी बोर्ड होता. त्यावर सोनेरी अक्षरांत शाळेचे नामवंत माजी विद्यार्थी. नाव, आणि खाली एका ओळीत कर्तबगारी. "वाच," तू म्हणालीस. मी पहिलं नाव वाचलं. एक बिशप. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आणि त्याची आई?"

बोर्डावर आई कुठे असणार! मी म्हटलं, "डझन्ट से, मम्मी." तू म्हणालीस, "विचार कुणाला तरी. पुढच्या रविवारी सांग. प्लीज होल्ड." मी वसतिगृहाच्या मेट्रनला विचारलं. ती हसली, म्हणाली, हे आजवर कुणी विचारलंच नाही. पण पुढच्या रविवारी तुला काहीतरी सांगायला हवं होतं. म्हणून मी सांगितलं की बिशपची आई मासळी फार छान तळायची, पण शेजाऱ्यांची भीड म्हणून दार लावून घ्यायची. तू म्हणालीस, "शहाणी बाई."

मग ते चालूच राहिलं. दर रविवारी एक नाव. दर्यावर गेलेला सेनापती. "जिंकला का?" "हरला." "तरी नाव लावलंय? भली माणसं दिसतात. आणि त्याची आई?" त्याची आई नकाशावर बोट ठेवून नवरा कुठे असेल ते सांगायची, आणि ते नेहमी चुकायचं. बर्फात हरवलेला प्रवासी: त्याच्या आईने सामानाच्या तळाशी सुका खाऊ ठेवला होता आणि औषध म्हणून सांग म्हणाली होती. मला वाटलं, होल्डवर टाकलंस, पण टेप वाजत नव्हती. मग म्हणालीस, "ही बाई मला ओळखीची वाटते गं." आणि लगेच हॉटेलच्या आवाजात, "थँक यू फॉर कॉलिंग, मॅडम." त्या दिवसापासून मी घरी यायचं म्हणून रडले नाही. घरची आठवण येत नव्हती असं नाही. पुढच्या रविवारची तयारी करायची असायची.

नाताळला मात्र पंचाईत. कॅथीड्रलमध्ये गाणारी मुलं नाताळची प्रार्थना गाऊनच सुटतात, त्यामुळे मी पोचायची दोन दिवस उशिरा. पहिल्या वर्षी दमून दारात उभी राहिले तर खिडकीत चांदणी तशीच पेटलेली, गोठा सजवलेला, मेंढ्या, राजे, सगळे हजर, आणि गव्हाणी रिकामी. बाळ येशू तू कपाटात ठेवला होतास. मावशी म्हणत होती, "अख्ख्या करामात हिच्याच घरी बाळ लेट!" तू ते बाळ माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "जिथे रविवार शुक्रवारी येतो, तिथे नाताळ दोन दिवसांनी आला तर काय बिघडलं?" मग आपण गायलो, दार सताड उघडं टाकून. शेजारचं जोडपंही उंबऱ्यात येऊन उभं राहिलं.

त्या कॅथीड्रलमध्ये तू मला कधी ऐकलं नाहीस. येते येते म्हणत राहिलीस. रजा मिळाली तेव्हा व्हिसा नव्हता, व्हिसा मिळाला तेव्हा तब्येत नव्हती. मग तू वसईला परतलीस आणि वर्षभरात गेलीस. मला याचं अजून फार वाईट वाटतं, मम्मी. ते तसंच वाटत राहणार.

तर शाळेला मी शेवटी लिहिलं: आई दुबईतल्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती, मला गायला तिने शिकवलं. त्यांचं नम्र उत्तर आलं की घरच्यांचा उल्लेख करायची पद्धत नाही. मी चिडले. तुझ्यासारखीच, आवाज न चढवता. कळवलं की हे वाक्य राहणार असेल तर माझं नाव राहू द्या, नाहीतर दोन्ही काढा. चार दिवस काहीच नाही. आज सकाळी एका ओळीत होकार आला. त्या फोनच्या जागी आता काय आहे कोण जाणे, पण तिथून एखादी पोर घरी बोर्डावरचं माझं नाव वाचून दाखवत असेल, आणि पलीकडून कुणी विचारलं, "आणि तिची आई?" तर तिला रचून सांगावं लागणार नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? दुबईत घरी टपाल येत नसे. तुझी सगळी पत्रं हॉटेलच्या पोस्ट बॉक्सवर यायची, आणि ते हॉटेलही आता पाडलं म्हणतात. तेव्हा इथेच ठेवते, सुकेळी बांधलेल्या त्या नॅपकिनखाली.

एक सांगायचं राहिलं, तुला बहुतेक कळलेलंच. बिशपची, सेनापतीची, त्या बर्फातल्या माणसाची, बोर्डावरच्या सगळ्यांची आई तूच होतीस. मला दुसरी कुणाची आई माहीतच नव्हती.